खुर्च्यांचे मोजे आणि चिनी पैसा

सुईपासून शिडीपर्यंत जगातली यच्चयावत वस्तू चीनमध्ये तयार होते आणि तिथून आपल्या घरात येऊन बसते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. अशा देशाला उलट आपणच काही विकावं, तेही लोकरीचे मोजे, आणि तेही माणसांच्या नव्हे तर खुर्च्यांच्या पायांचे, ही कल्पना शहाण्या माणसाला सुचणं शक्य नाही. काटेसाहेब शहाणे होते. कल्पना त्यांची नव्हतीच. पण ती घरात शिरल्यावर तिला नियमात बसवायचं काम मात्र त्यांनी आपण होऊन अंगावर घेतलं आणि तिथूनच सगळं बिघडत गेलं.

काटेसाहेब हे काही त्यांचं आडनाव नव्हे. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून दुकानादुकानांतले तराजू तपासण्यात त्यांची हयात गेली आणि दुकानदारांनीच त्यांना हे नाव चिकटवलं. ते बाजाराच्या एका टोकाला दिसले की दुसऱ्या टोकाचे दुकानदार पारड्याखालचं मेण खरवडायला घेत. कुठल्याही गल्ल्यावर त्यांनी कधी कपभर चहासुद्धा घेतला नाही. ‘आधी तपासणी, मग वापर’ हा त्यांचा मंत्र होता. निवृत्तीनंतर तपासायला घरात फारसं काही उरलं नाही. दूधवाला तेवढा होता, तर त्यानंही कंटाळून पिशवीबंद दूध टाकायला सुरुवात केली.

वहिनी मात्र कधी निवृत्त झाल्या नाहीत. (इमारतीत सगळे त्यांना वहिनीच म्हणत, तेव्हा आपणही तेच म्हणू.) त्या विणायच्या. नात्यागोत्यात मूल जन्मलं की त्याच्या अंगावर डॉक्टरांच्या आधी वहिनींचं स्वेटर चढे. लोक “अय्या, किती गोड!” म्हणत, घडी मोडायच्या आत ते कपाटात ठेवत आणि विसरत. एकदा धाकट्या जावेकडे गेल्या असताना वहिनींनी आपलंच एक स्वेटर ओळखलं. जावेचा नवरा त्यानं स्कूटर पुसत होता. वहिनींनी घरी येऊन नवीन टाके घातले, इतकंच.

खुर्च्यांच्या मोज्यांचा शोध खालच्या मजल्यावरच्या बँकवाल्यांमुळे लागला. हे गृहस्थ बँकेतून निवृत्त होऊन सोसायटीचे सेक्रेटरी झाले होते आणि दोन्ही हुद्द्यांचा अनुभव एकाच तोंडातून देत. “वरून खुर्च्या सरकल्या की आमच्या डोक्यावरून मालगाडी जाते,” अशी लेखी तक्रार त्यांनी सेक्रेटरी या नात्यानं स्वतःकडेच केली आणि ती तातडीनं मंजूर केली. त्यावर वहिनींनी घरातल्या खुर्च्यांच्या पायांना मोजे विणले. वर घट्ट पट्टी, खाली दुहेरी तळ, आणि प्रत्येक खुर्चीचा रंग वेगळा. मालगाडी थांबली. बँकवाल्यांना त्यानंतर झोप लागेना, कारण तक्रारीला विषय उरला नव्हता.

काटेसाहेबांची एक भाची होती. पोरगी चिनी भाषा शिकलेली, चिनी पर्यटकांना शहर दाखवत हिंडायची. एके दुपारी तिच्या तांड्यातल्या एका बाईला चक्कर आली, म्हणून ती तिला घेऊन मामाकडे आली. बाई बालवाडीत शिक्षिका होती. सरबत पिऊन हुशारी आल्यावर तिनं खुर्ची मागे सरकवली तर आवाजच नाही. तिनं वाकून पाहिलं आणि जी हसत सुटली, की पुन्हा चक्कर येते की काय असं सगळ्यांना वाटलं. मग ती चक्क जमिनीवर पालथी पडून मोज्यांचे फोटो काढू लागली.

ती मायदेशी परतली आणि तिचा निरोप आला. भाचीनं तो वाचून दाखवला. शिक्षिकेच्या वर्गात तीस खुर्च्या होत्या. पोरं उठली की भूकंप होई. बाजारातले मोजे आठवड्यात निसटून जात. तेव्हा अशाच घट्ट पट्टीचे एकशेवीस मोजे हवेत, रंग वहिनींनी ठरवावेत. “आणि शेवटी लिहिलंय,” भाची म्हणाली, “किंमत कळवा. मला विकत हवेत.”

“शेवटचं पुन्हा वाच गं,” वहिनी म्हणाल्या.

भाचीनं पुन्हा वाचलं.

“लहान मुलांच्या शाळेकडून पैसे कसले घ्यायचे?” काटेसाहेब उदारपणे म्हणाले. “देऊ पाठवून भेट म्हणून.”

वहिनींनी सुया खाली ठेवल्या. “अहो, भेटी मी जन्मभर दिल्या. सगळ्यांनी घेतल्यासुद्धा. पण विकत कुणी मागितलंय का मला आजवर? ती बाई ना आपल्या नात्यातली, ना ओळखीची. तिला माझी भीड नाही, तरी तिला माझं विणकाम हवंय. मी फुकट नाही देणार.”

इतकं लांब वाक्य वहिनी एरवी बोलत नसत. “बरं,” काटेसाहेब म्हणाले, “तू मोजे विण. पैसे इथवर आणायचं माझ्याकडे लागलं.” आणि ते त्यांनी अगदी मनापासून म्हटलं होतं. संकटं नेहमी अशाच मनापासून बोललेल्या वाक्यांवर बसून येतात.

भाचीनं एक सोपा उपाय सांगितला. “मामा, पुढच्या ग्रुपमधल्या कुणाच्या तरी हाती ती रोख पाठवून देईल.”

“म्हणजे हवाला?” काटेसाहेब उभे राहिले. “या घरात?”

भाचीनं तो विषय पुन्हा काढला नाही. मग कार्डाचं निघालं. शिक्षिकेनं कळवलं की परदेशी चालणारं कार्ड तिच्याकडे नाही, तिच्या ओळखीत कुणाकडेच नाही. त्यांच्याकडे भाजीवाल्यापासून बोळक्या म्हातारीपर्यंत सगळे फोनमधल्या पाकिटातून पैसे देतात. समोरच्यानं काळ्या ठिपक्यांची चौकट दाखवायची, आपण फोन धरायचा, झालं. तशी चौकट तुमच्याकडे असेल तर पाठवा.

बँकवाल्यांच्या कानावर ही गोष्ट जिन्यातच गेली आणि ते पायजम्यातच वर आले. बँकेत असताना ते परदेशी व्यवहाराच्या खोलीशेजारच्या खोलीत बसत. मधली भिंत पातळ होती, त्यामुळे त्या विषयातलं त्यांना बरंच ऐकू आलेलं होतं. “चौकटबिकट पोरखेळ आहे, काटेसाहेब,” ते म्हणाले. “निर्यात म्हणजे पतपत्र पाहिजे. तिच्या बँकेनं आपल्या बँकेला हमी द्यायची. माल जहाजावर चढला की कप्तानाच्या सहीची पावती दाखवायची आणि पैसे घ्यायचे.”

“मोजे टपालानं जाणार आहेत.”

“मग पावती कशी मिळेल? जहाज बघा.”

काटेसाहेबांनी जहाज बघितलं नाही, पण बँकेत ते गेले. खिडकीवरच्या कारकुनानं विचारलं, “परदेशातून पैसे कशाबद्दल येणार?”

“मोजे.”

“म्हणजे वस्त्रप्रावरणे.”

“खुर्चीचे मोजे.”

“मग फर्निचर.”

“लोकरीचे आहेत हो.”

कारकुनानं चष्मा काढला. त्याच्या यादीत कपड्यांना एक आकडा होता आणि फर्निचरच्या सुट्या भागांना दुसरा. सुट्या भागांनी घातलेल्या कपड्यांना कुठलाच नव्हता. तो साहेबांकडे गेला, साहेब वरच्या साहेबांकडे गेले. वरच्या साहेबांनी नमुना मागवला, तो स्वतःच्या खुर्चीला घालून पाहिला आणि अभ्यासासाठी ठेवून घेतला. राहिलेल्या तीन पायांसाठी नंतर शिपाई आला. काटेसाहेबांच्या आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्याकडून कुणीतरी काहीतरी उकळलं होतं.

शेवटी भाचीनंच एक कंपनी शोधून काढली. चिनी पाकिटातले पैसे परदेशी दुकानदाराला मिळवून द्यायचे, एवढाच त्या मध्यस्थ कंपनीचा धंदा होता. काटेसाहेबांनी फोन लावला. पलीकडची मुलगी भारी गोड बोलत होती.

“सर, आपली चीनमधली ग्राहकसंख्या?”

“एक.”

“एक लाख?”

“एक शिक्षिका.”

पण मुलगी नेटाची होती. तिनं सांगितलं की काही हरकत नाही, लहान दुकानदारांचीही सोय आहे. फक्त दुकानाची नोंदणी लागेल आणि पाटीसह दुकानाचा फोटो लागेल. नोंदणी सरकारी कचेरीतून आणणं काटेसाहेबांना अवघड गेलं नाही. सरकारी कचेरीत रांगेत उभं राहिलं की त्यांना माहेरी आल्यासारखं वाटे. घोडं अडलं ते पाटीपाशी.

पाटी रंगवणाऱ्यानं विचारलं, “नाव काय लिहू?” वहिनी म्हणाल्या, “काहीही लिहा.” काटेसाहेबांनी बराच विचार करून ‘आसनपादत्राण निर्यात केंद्र’ असं लिहायला सांगितलं. पाटी दारावर लागली, फोटो निघाला, आणि त्याच संध्याकाळी सोसायटीची तातडीची सभा बोलावली गेली. राहत्या घरात धंदा हा विषय होता. बँकवाले सेक्रेटरी म्हणून विरोधात बोलले आणि मग सल्लागार म्हणून बाजूनं बोलले. तिसऱ्या मजल्यावरच्या एका आजींना पादत्राण एवढंच कळलं होतं. त्यांनी चपलेचा तुटलेला अंगठा दुरुस्तीसाठी बरोबरच आणला होता. अखेर असं ठरलं की पाटी दाराच्या आतल्या बाजूला लावावी. त्यामुळे दुकान घरात नसून, घरातून बाहेर बघणाऱ्याला बाहेर दुकान आहे असं वाटेल. या ठरावाचा अर्थ कुणालाच लागला नाही, म्हणून तो एकमतानं संमत झाला.

इकडे वहिनींची सुई थांबत नव्हती. पिवळे, जांभळे, पोपटी मोजे सोफ्यावर साचत चालले होते. रोज रात्रीचं जेवण झालं की त्या सहज विचारल्यासारखं विचारायच्या, “काय म्हणतेय तुमची कंपनी?” आणि काटेसाहेब “होतंय, होतंय” म्हणायचे. तेवढ्यावर त्यांचं समाधान झाल्यासारखं दिसे. झालेलं नसे, हे दोघांनाही कळत असे.

एक दिवस कुरियरनं खोकं आलं. त्यात पुठ्ठ्यावर छापलेली काळ्या ठिपक्यांची चौकट होती आणि एक छोटासा बोलका डबा होता. पैसे जमा झाले की तो डबा तसं मोठ्यानं जाहीर करणार होता. मात्र पाकीट चिनी असल्यामुळे डबाही चिनीतच बोलत असे.

“आता हिचा फोटो काढा आणि पाठवा त्या बाईला,” वहिनी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात इतका आनंद होता की दुसरा कुणीही माणूस असता तर त्यानं चटकन फोटो काढून पाठवला असता.

पण हे काटेसाहेब होते. “तपासल्याशिवाय?” ते म्हणाले. “उद्या त्या बाईचे पैसे भलतीकडे गेले तर? न तपासलेला काटा मी गिऱ्हाइकासमोर ठेवलेला नाही जन्मात.”

“अहो, मग तपासा ना.”

इथंच तर मेख होती. तपासायला चिनी पाकीट लागे, आणि चिनी पाकीट चिनी माणसाच्या फोनात असतं. भाची कामावर होती, फोन उचलत नव्हती. चिनी माणसं कुठं असतात याचा काटेसाहेबांनी खात्याच्या शिस्तीनं विचार केला. संग्रहालयाच्या फाटकाशी पर्यटकांच्या बसगाड्या थांबतात, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी चौकट प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली. हात मोकळे राहावेत म्हणून तिला दोरी ओवून ती गळ्यात अडकवली. एका हातात डबा घेतला. ऊन होतं म्हणून जुनी टोपी घातली आणि चालून चालून पाय दुखू नयेत म्हणून झिजलेल्या चपला घातल्या. एकेक वस्तू सोयीचीच होती. सगळ्या मिळून काय दिसतंय, हे पाहायला घरात मोठा आरसा नव्हता.

बस आली. काटेसाहेब पुढे झाले. चौकटीकडे बोट दाखवून त्यांनी नम्रपणे “प्लीज... टेस्ट” म्हटलं. एक पांढऱ्या केसांचे चिनी आजोबा थांबले. त्यांनी काटेसाहेबांना टोपीपासून चपलांपर्यंत पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत करुणा दाटून आली. त्यांनी फोन धरला, आणि डबा खणखणीत आवाजात चिनीत काहीतरी ओरडला.

“चालतंय!” काटेसाहेब आनंदानं ओरडले. “चालतंय हो!” आणि त्यांनी आजोबांचे दोन्ही हात धरले.

इतकी कृतज्ञता पाहून आजोबांना गहिवरून आलं. त्यांनी मागे वळून आपल्या मंडळींना हाक मारली. मंडळी मायाळू होती. बघता बघता रांग लागली. डबा ओरडू लागला. “नको, नको! एकच पुरे! टेस्ट!” काटेसाहेब दोन्ही हात हलवत होते, पण हातवारे जितके वाढत तितकी रांग लांबत होती. एका बाईनं पैसे देऊन शिवाय त्यांच्या हातात अर्धी उरलेली पाण्याची बाटली ठेवली.

फाटकाशी नेहमी बसणारा एक भिकारी बराच वेळ हे पाहत होता. शेवटी त्याला राहवेना. “काका,” तो जवळ येऊन म्हणाला, “म्हातारपणी माणसावर वेळ येते, मी समजतो. पण इथं आम्ही वर्षानुवर्षं बसतो. आणि ही भोंगा लावून मागायची पद्धत बरी नव्हे.”

“मी भिकारी नाही!” काटेसाहेब गरजले. “निरीक्षक आहे!”

“आता आमच्यावर निरीक्षकही नेमले का?” असं म्हणून तो बिचारा आपलं फडकं आवरू लागला.

एवढ्यात पहारेकरी आला. आवारात भीक मागायला बंदी असल्याची पाटी त्यानं काटेसाहेबांना दोनदा वाचायला लावली. आणि त्याच क्षणी, नशीब म्हणतात ते हेच, बसच्या मागच्या दारातून हातात झेंडा घेतलेली भाची उतरली. तिनं रांग पाहिली, रांगेच्या तोंडाशी असलेली टोपी पाहिली, टोपीखालचा चेहरा पाहिला.

“मामा?”

काटेसाहेबांनी टोपी काढली. काय करावं न सुचून त्यांनी पहारेकऱ्याला नमस्कार केला. ज्यांच्या येण्यानं बाजार उभा राहत असे ते काटेसाहेब, अर्धी बाटली हातात घेऊन घरी परतले.

घरी आल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. वहिनी आधी हसल्या, पदर तोंडाला लावून पुन्हा हसल्या, आणि नवऱ्याचा चेहरा बघून थांबल्या. “देऊन टाका परत सगळ्यांचे,” त्या म्हणाल्या. “मिटलं.”

काटेसाहेबांचंही तेच ठरलं होतं. गल्ल्यावरचा चहा न घेतलेला माणूस भीक कशी ठेवील? त्यांनी बटणं दाबून सगळे पैसे परत करायला काढले. दहा मिनिटांत फोन आला. गोड मुलगी आज तितकी गोड बोलत नव्हती.

“सर, आपल्या नव्या खात्यात पंधरा मिनिटांत एवढी विक्री झाली आणि लगेच सगळी परत? आमच्या यंत्रणेला संशय आलाय. परतावा अडवलाय आणि खातं गोठवलंय.”

“अहो, ती विक्री नव्हती. ती...” काटेसाहेबांच्या तोंडून तो शब्द निघेना.

“विक्री नव्हती तर पैसे कशाचे होते, सर?”

काटेसाहेबांनी वहिनींकडे पाहिलं. “विक्रीच होती,” ते क्षीण आवाजात म्हणाले.

“मग माल दिल्याचा पुरावा पाठवा. प्रत्येक ग्राहकाचा, मालासकट फोटो. तो आला की खातं सुरू. नाही आला तर कायमचं बंद, आणि पुन्हा उघडता येत नाही.”

म्हणजे शिक्षिकेचे पैसे येण्याची एकुलती एक वाटही बंद. वहिनी ऐकत होत्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं काटेसाहेबांना वाटलं. त्या फक्त सोफ्यावरच्या मोज्यांवरून हात फिरवत म्हणाल्या, “राहू दे हो. पाठवू भेट म्हणून. तुम्ही म्हणत होतात तसं.”

हे मात्र काटेसाहेबांना सहन झालं नाही. दिवसभरात लोकांनी त्यांना भिकारी म्हटलं, त्यापेक्षाही हे जास्त लागलं. ते तडक उठले, भाचीला फोन लावला. मंडळी संध्याकाळपर्यंत हॉटेलात होती, मग विमानतळावर जाणार होती. “ऊठ,” ते वहिनींना म्हणाले. “घे सगळे मोजे. आपण माल द्यायला चाललोय.”

“ते शाळेचे आहेत!”

“शाळेचे पुन्हा विणशील. खातं पुन्हा मिळणार नाही.”

हॉटेलच्या दिवाणखान्यात गुळगुळीत फरशी होती आणि लाकडी खुर्च्या होत्या. भाचीनं मंडळींना गोळा केलं आणि चिनीत सगळा प्रकार सांगितला. ती काय सांगतेय हे काटेसाहेबांना हसण्याच्या लाटांवरून कळत होतं. सर्वांत मोठी लाट आली तेव्हा त्यांनी भिंतीवरच्या चित्राकडे बघायला सुरुवात केली. पांढऱ्या केसांचे आजोबा पुढे आले आणि त्यांनी कमरेत वाकून क्षमा मागितली. काटेसाहेबही वाकले. दोघं बराच वेळ आळीपाळीनं वाकत राहिले.

वहिनींना त्या कशातच रस नव्हता. त्यांनी एक खुर्ची ओढली. करकर आवाज झाला. मग खाली बसून त्यांनी तिला चार मोजे चढवले आणि पुन्हा ओढली. दिवाणखान्यात “आऽ” असा उद्गार निघाला. तो उद्गार कुठल्याही भाषेत सारखाच असतो. लोक मोजे उचलू लागले, रंग जुळवू लागले. आजोबांनी किंमत विचारली. आपण फाटकाशी दिलेली रक्कम तेवढी भरत नाही हे कळल्यावर, वरचे देतो म्हणून ते हट्टाला पेटले. भाचीनं खातं गोठल्याचं सांगून त्यांना कसंबसं आवरलं आणि एकेकाचे फोटो काढायला घेतले.

एक ठेंगणी बाई मात्र फाटकाशी पैसे देऊनही हलेना. तिनं मोजा हातात घेतला, उलटा केला, तळ ताणून पाहिला, आतल्या गाठी नखानं उचकून पाहिल्या. मग ती भाचीला भराभरा काहीतरी म्हणाली.

“मामी, ती म्हणतेय हा एक टाका सैल आहे. म्हणून किंमत कमी करा.”

“करा हो, करा,” काटेसाहेब घाईघाईनं म्हणाले. “नाहीतर फुकट...”

“तुम्ही गप्प बसा,” वहिनी म्हणाल्या. त्यांचे डोळे चमकत होते. त्यांनी मोजा घेतला, टाका पाहिला. “सैल आहे, खरंय. हा बदलून देते. पण किंमत नाही कमी व्हायची. सांग तिला.”

भाचीनं सांगितलं. बाईनं दुसरा मोजा उलटा केला. वहिनींनी तिला दुहेरी तळ दाखवला. बाईनं पट्टी ओढली, वहिनींनी तिला आणखी जोरात ओढायला सांगितली. बाई निघून जायला वळली, वहिनींनी सामान आवरल्यासारखं केलं, बाई परत आली. मधे भाचीची गरजही उरली नाही. दोघी आपापल्या भाषेत भांडत होत्या आणि दोघींना दुसरीचं सगळं कळत होतं. शेवटी बाईनं पर्समधल्या उरल्यासुरल्या रुपयांची रोख भर घालून पूर्ण किमतीला दोन संच घेतले आणि वहिनींच्या खांद्यावर थाप मारून बसकडे पळाली.

फोटो गेले, खातं उघडलं आणि चौकटीचा फोटो शिक्षिकेकडे रवाना झाला. तिसऱ्या दिवशी घरातल्या टेबलावरचा डबा चिनीत ओरडला. शिक्षिकेचे पैसे आले होते. काटेसाहेबांनी दिलेला शब्द पाळला होता आणि ते कौतुकाची वाट बघत ताठ बसले. पण अभिनंदनाला आलेल्या बँकवाल्यांना आणि त्यांच्या बायकोला वहिनी वेगळंच सांगत होत्या.

“अहो, घासाघीस केली हो तिनं माझ्याशी! उलटं करून बघितलं! आजवर माझं विणकाम कुणी उलटं करून बघितलं नव्हतं. सगळे नुसते छान छान म्हणतात. हिनं चूक काढली!”

हे सांगताना त्यांचा आवाज भरून आला होता. काटेसाहेब आरामखुर्चीत बसून ऐकत होते. जन्मभर आपण जगाचे काटे उलटेपालटे करून तपासले, आणि घरात एवढी वर्षं सुया चालल्या, त्यातलं काही एकदाही हातात घेऊन पाहिलं नाही, हे त्यांच्या मनात आलं आणि त्यांना लाज वाटली.

पाहुणे गेल्यावर ते उठले. चष्मा लावला, शाळेसाठी नव्यानं विणलेल्या मोज्यांतले चार उचलले. खिडकीशी उजेडात नेऊन एकेक उलटा केला, ताणला, टाके नखानं मोजले. वहिनींच्या सुया थांबल्या.

“या तिसऱ्याची पट्टी बाकीच्यांपेक्षा एका ओळीनं कमी आहे,” काटेसाहेब म्हणाले.

“दाखवा बघू.” वहिनी लगबगीनं उठून आल्या. दोन डोकी त्या मोज्यावर वाकली. “आहे खरी! कुठं लक्ष होतं माझं! करून देते.”

“बाकी माल पसंत आहे,” काटेसाहेब म्हणाले. “माझ्या आरामखुर्चीला एक संच हवा. मला विकत हवा. बोल, पैसे कसे देऊ?”

वहिनींनी मोजे त्यांच्या हातातून काढून घेतले. “तेवढी सोय नाही हो आपल्याकडे,” त्या म्हणाल्या. “चौकटीत फक्त चिनी पैसे चालतात, आणि उधारी मी ठेवत नाही.”